एकाहत्तराव्या मिनिटाचा गोल

आयुष्यात मी जाणूनबुजून खोटे आकडे एकदाच लिहिले, तेही स्वतःच्या घरच्या फ्रिजवर.

माझं पोट आकड्यांवरच चालतं. जगाच्या पार दक्षिण टोकाला, पामर्स्टन नॉर्थमधल्या एका शेती संशोधन संस्थेत मी तेव्हा संख्याशास्त्रज्ञ होतो. कुठल्या गवतावर गाई किती दूध देतात याचे प्रयोग करून शास्त्रज्ञ मंडळी मोठ्या आनंदाने निष्कर्ष घेऊन माझ्याकडे येत. ‘एवढ्या आकड्यांवरून असं म्हणता येणार नाही’ असं लिहून मी ते परत पाठवत असे. ख्रिसमसच्या जेवणात माझ्या शेजारची खुर्ची सगळ्यात शेवटी भरायची, यावरून काय ते समजा.

दोन हजार सालानंतरची ती पाच-सात वर्षं. सकाळी दहाला आम्ही सगळे मॉर्निंग टीला जमायचो. त्यात मातीचा तज्ज्ञ असलेला एक इंग्लिश सहकारी होता. त्याच्या गावचा फुटबॉल क्लब बऱ्याच वर्षांनी इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या वर्गात चढला होता आणि तिथे टिकेल की नाही या काळजीने तो ऑगस्टपासूनच बिस्किटं चहात विरघळेपर्यंत बुडवून ठेवत होता. हिशोब सोपा होता. वीस क्लब, प्रत्येकाचे अडतीस सामने, जिंकलं तर तीन गुण, बरोबरीला एक, आणि शेवटी तळाचे तीन क्लब खालच्या वर्गात. मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण काळजी करणारा माणूस दिसला की मला त्याला आकडेवारीने गप्प करावंसं वाटतं. मी जुन्या हंगामांचे निकाल काढले, दोन पानांचं गणित केलं आणि जाहीर केलं की क्लब बारावा येईल. त्याने ते कागद कॉफीरूमच्या फळ्यावर टाचणीने लावले.

ऑक्टोबर संपेपर्यंत क्लब विसावा होता. विसांत विसावा. दर सोमवारी कोणीतरी चहात साखर ढवळत विचारायचं, “काय मग, बारावे का अजून?” आपलं गणित कुठे चुकलं हे शोधण्यासाठी म्हणून मी दर आठवड्याला गुणतक्ता ठेवायला लागलो. पद्धत बरोबर होती असं माझं आजही मत आहे. क्लबाने तिचं ऐकलं नाही.

नोव्हेंबरमध्ये बाबा आले.

आई जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. पुण्यात बाबा फ्लॅटमध्ये एकटे. शेजारच्या वहिनींनी फोनवर सांगितलं की डबा येतो, पण दोन पोळ्यांतली एक कावळ्यांना जाते. मी आणि बायकोने ठरवलं, त्यांना इकडे आणायचं आणि जमलं तर जाऊच द्यायचं नाही. व्हिसा सहा महिन्यांचा, मेच्या मध्यापर्यंत. पुढे तीन महिने वाढवता येत होता. अर्जाचा फॉर्म मी आधीच छापून, जिथे सही लागते तिथे पेन्सिलीने फुली मारून तयार ठेवला होता. काढावा लागणार होता तो फक्त विषय.

पहिले तीन आठवडे बाबा बहुतेक वेळ पुढच्या खोलीच्या खिडकीशी उभे असत. “इथे माणसं कुठे ठेवतात रे?” असं एकदा त्यांनी विचारलं. आमच्या रस्त्यावर दुपारी फक्त वारा असायचा. सकाळी ते कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत जाऊन यायचे. इथे त्या दुकानाला डेअरी म्हणतात. “डेअरीत दूध सोडून सगळं आहे,” एवढंच ते परत आल्यावर सांगायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. माझी मुलगी तेव्हा तेरा वर्षांची होती. ते तिच्याशी मराठीत बोलायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची आणि दोघांचं दोन वाक्यांत संपायचं. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “परतीचं तिकीट अलीकडे घेता येतं का?”

“बघतो,” मी म्हणालो. बघितलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी ते चहाची वाट बघत स्वयंपाकघरात उभे होते. मी फ्रिजवर नवा गुणतक्ता लावत होतो. चष्मा कपाळावर ढकलून ते जवळ आले.

“हा सगळ्यात खालचा कोण?”

मी सगळी हकिगत सांगितली. बाराव्या क्रमांकाची सोडून.

“नापास होणार म्हणजे.”

“अजून तेवीस सामने आहेत, बाबा.”

“किती लागतात पास व्हायला?”

“नक्की असं काही नसतं. साधारण पस्तीस-छत्तीस गुण झाले तर आशा असते.”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ओळखीच्या माणसाचा निरोप आणला होता. “पस्तीस?” ते म्हणाले. “मग आधी सांगायचंस की.”

बाबांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली शेवटची पंधरा आणि निवृत्तीनंतरची आणखी दहा, ते फक्त दहावीला नापास होऊन ऑक्टोबरला पुन्हा बसणाऱ्या मुलांना शिकवत. नव्वद टक्केवाल्यांमध्ये त्यांना कधीच रस नव्हता. “त्यांना मी कशाला हवा?” म्हणायचे. शून्य ते पस्तीस हा त्यांचा प्रांत होता. कुठला प्रश्न सोडायचा, कुठला आधी लिहायचा, कुठे निदान सूत्र मांडून एक मार्क पदरात पाडायचा, याचं त्यांच्याकडे शास्त्र होतं. बोर्डाचे मॉडरेटर म्हणूनही त्यांनी बरीच वर्षं काम केलं, म्हणजे इतरांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका हे पुन्हा तपासणार.

त्या दिवसापासून क्लब हा आमच्या घरात एकवचनी झाला. बाबा त्याला ‘पोरगा’ म्हणत.

“पोरगा हरतो कुठे ते सांग. गोल खातो जास्त की करतो कमी?”

“दोन्ही.”

“दोन्ही कच्चं. मग एकावर मेहनत घ्यायची. गोल खाणं थांबव म्हणावं आधी. बरोबरीचा एक-एक मार्क गोळा कर.”

सामने इंग्लंडात शनिवारी दुपारी होत, म्हणजे आमच्या झोपेत. रविवारी सकाळी उठून मी कॉम्प्युटरवर निकाल बघायचा आणि पोहे खाताना बाबांना वाचून दाखवायचा, अशी पद्धत पडली. गोल कुठल्या मिनिटाला झाला हे ते वहीत लिहून घेत. सोमवारी मी मोठ्या अक्षरात तक्ता लिहून फ्रिजवर लावायचो, कारण वर्तमानपत्रातला तक्ता मुंगीच्या पायाएवढ्या टायपात असे आणि बाबांना एका डोळ्यात मोतीबिंदू होता. तक्ता लागला की ते पेन्सिल घेऊन येत, सगळ्या क्लबांच्या जिंकलेल्या सामन्यांची बेरीज करत, मग हरलेल्यांची. “दोन्ही सारख्या आल्या पाहिजेत. एक जिंकतो म्हणजे कोणीतरी एक हरतोच.” बेरीज जुळली की खाली बारीक बरोबरची खूण.

डिसेंबरात त्यांनी क्लबाच्या मॅनेजरला पत्र लिहिलं. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरुवात आणि पुढे अडीच पानं. त्यांच्या वहीप्रमाणे क्लब पहिल्या वीस मिनिटांत फार गोल खात होता. पेपर हातात आल्यावर घाबरणाऱ्या मुलांचं असंच होतं, त्यांना सुरुवातीला सोपं काहीतरी करायला द्यावं, असा मुद्दा होता. माझ्या मते अडीच पानांत तेवढाच एक शास्त्रशुद्ध होता. पत्र पोचायच्या आत मॅनेजरला काढून टाकलं.

“हेडमास्तर बदलून पोरं पास होतात का?” बाबा भयंकर चिडले. दोन दिवस चिडलेले होते. बायको मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, “आज तीन पोळ्या खाल्ल्या.”

तिकिटाची गोष्ट पुन्हा निघाली नाही. जानेवारीत मी व्हिसाचा फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

“हे काय?”

“तीन महिने वाढवून घेऊ. सही करा.”

त्यांनी फॉर्म उलटसुलट पाहिला. “घाई काय आहे? निकाल तर लागू दे.”

हे वाक्य मी नीट लक्षात ठेवलं. माझ्या स्वभावाप्रमाणे त्यातून एक निष्कर्षही काढला. क्लबाचं भवितव्य टांगलेलं आहे तोवर बाबा इथे, निकाल लागला की बाबा पुण्यात. एका माणसाच्या एका वाक्यावरून. संस्थेत कोणी एवढ्याशा पुराव्यावर असा निष्कर्ष आणला असता तर मी त्याला दारातून परत पाठवला असता.

तिथून माझी अवस्था चमत्कारिक झाली. क्लब लवकर बुडायला नको होता आणि लवकर सुरक्षितही व्हायला नको होता. फेब्रुवारीत तो लागोपाठ दोन सामने जिंकला तेव्हा बाबांनी शिरा करायला लावला आणि मी मात्र शिरा खाता खाता मनात गणित करत होतो की असंच चाललं तर एप्रिलमध्येच पास होईल. जगातला मी एकमेव समर्थक असेन, जो आपल्या क्लबासाठी बरोबऱ्या मागत होता. इंग्लिश सहकाऱ्याला मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, “काळजी करू नकोस, मित्रा. हे जिंकत राहणार नाहीत.”

राहिले नाहीत. एप्रिलच्या मध्यात तीन सामने उरले असताना क्लबाचे गुण होते सव्वीस. त्या रविवारी सकाळी मी कॉम्प्युटर उघडला. शून्य-एक, हरले. आणि वरचा, म्हणजे सतरावा क्लब जिंकून छत्तीसवर गेला होता. सव्वीस अधिक तीन गुणिले तीन, पस्तीस. मी दोनदा करून पाहिलं. उरलेले तिन्ही सामने जिंकले तरी पस्तीसच होणार होते, आणि छत्तीस आधीच कोणाच्या तरी खिशात होते. खेळ खल्लास.

फॉर्म डायनिंग टेबलाच्या टोकाला, मीठदाणीखाली, सहीविना पडून होता. व्हिसा संपायला चार आठवडे. मागच्या अंगणात बाबा शेजाऱ्यांनी फाटकाशी ठेवलेल्या पिशवीतले फिजोआ निवडत होते. ही हिरवी फळं एप्रिलमध्ये इथे इतकी पिकतात की लोक एकमेकांच्या दारात टाकून पळून जातात. ते पिशवी घेऊन आत आले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, “काय झालं पोराचं?”

“एक-एक,” मी म्हणालो. “बरोबरी.”

इतकं सहज निघालं की मलाच दचकायला झालं. शून्य-शून्य म्हटलं असतं तर भागलं असतं. पण नको तिथे मला उदार व्हायची हौस.

बाबा खुर्चीत बसले, वही उघडली. “गोल कितव्या मिनिटाला?”

“एकाहत्तराव्या.”

“कसा?”

फुटबॉलबद्दल मला तोवर जी काही सात-आठ वाक्यं येत होती, त्यातलं एक मी वापरलं. “कॉर्नरवरून. हेडर.”

“कॉर्नरवरून!” बाबांनी वहीची मागची पानं उलटली. “अरे, आपण आल्यापासून पोराने कॉर्नरवरून एक गोल केलेला नाही. शिकला म्हणजे.” त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी फिजोआ कापायला घेतले.

त्या सोमवारी मी तक्ता लिहायला बसलो तेव्हा कळलं की लबाडी ही फार मेहनतीची गोष्ट आहे. आपल्या क्लबाला एक गुण दिला म्हणजे समोरच्याचे दोन काढायला हवेत. त्याची एक जीत कमी, दोघांची एक-एक बरोबरी जास्त, आपली हार कमी, एक गोल इकडे जमा, तोच तिकडे खाल्लेल्यांत. दोन गुण गेल्यावर तो दुसरा क्लब तक्त्यात एक पायरी घसरला, ते बदलायचं. जिंकल्या-हरल्याची बेरीज जुळवायची, कारण बाबा ती करणारच. खोटं बोलायला मला चार सेकंद लागले होते, ते सुसंगत करायला पाऊण तास लागला. आपले सत्तावीस झाले. सत्तावीस अधिक नऊ, छत्तीस. जीव धुगधुगीत.

बाबांनी बेरजा केल्या. “जुळतंय,” म्हणाले, आणि खूण केली.

बायकोला मी त्याच दिवशी सांगितलं. ती पोळी लाटता लाटता थांबली.

“तू? तू आकडे बदललेस?”

“दोनच.”

“इन्कम टॅक्सच्या फॉर्मवर एका डॉलरसाठी तीन पत्रं लिहिणारा माणूस तू.”

“सही होईपर्यंतच.”

“मग घे ना सही!”

“निकाल लागल्यावर करतो म्हणालेत.”

“आणि निकाल तू लागू देत नाहीयेस,” ती म्हणाली. “काय डोकं आहे तुझं, वा.”

यातली विसंगती मला तोवर दिसली नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

पुढच्या रविवारी पंचाईत झाली. आमचा क्लब खरोखरच जिंकला. दोन-शून्य, परगावी. हंगाम हातचा गेल्यावर अंगात आलं होतं त्यांच्या. पण तो सतरावा क्लबही जिंकून एकोणचाळीसवर गेला. आता त्याला हरवल्याशिवाय इलाज नव्हता. मी त्याला हरवलं, त्यामुळे त्याच्याशी प्रत्यक्षात हरलेल्या एका चांगल्या क्लबाला तीन गुण मिळाले आणि तो तक्त्याच्या वरच्या भागात जाऊन बसला. दुसऱ्या सोमवारअखेर माझ्या तक्त्यात चार क्लबांचे गुण खोटे होते. कोणाला काय दिलं आणि कोणाचं काय काढलं याचा एक वेगळा कागद मी ऑफिसच्या खणात ठेवला. इंग्लिश सहकाऱ्याला मी विश्वासात घेतलं होतं. त्याने तो कागद फार वेळ पाहिला.

“मला एक सांग,” तो म्हणाला, “हात घातलाच आहेस तर आम्हाला एकच गुण का दिलास?”

“जास्त दिला असता तर विश्वास बसला नसता.”

“बारावे येणार म्हणाला होतास तेव्हा कुठे विचार केलास विश्वासाचा?”

घरी बाबा फॉर्मचं नाव काढत नव्हते आणि मी तर नाहीच नाही. शाळेतून आल्यावर मुलगी सोमवारी हल्ली बाबांच्या खोलीत अर्धा-पाऊण तास असायची. दोघं काय बोलतात याचं मला कौतुक वाटायचं. चौकशी करावीशी वाटली नाही. माझं लक्ष गोलफरकावर होतं.

तिसऱ्या रविवारी क्लब पुन्हा हरला. शेवटचा एक सामना उरला होता. आता खोटं टिकवायचं तर सहा क्लबांना हात लावावा लागणार होता. मी कॉम्प्युटरपुढे कागद घेऊन बसलो होतो. बायको मागून येऊन म्हणाली, “व्हिसाला दोनच आठवडे राहिलेत. तू सांगतोस की मी सांगू?”

“सांगतो.”

“आज.”

“पोहे झाल्यावर.”

“आत्ता.”

बाबा त्यांच्या खोलीत पलंगावर बसून मुलीच्या शाळेच्या वहीत काहीतरी बघत होते. मी दारात उभा राहिलो. सुरुवात कशी करावी याची मनात तयारी केली होती, तीन मुद्दे होते. पहिलाच आठवेना.

“बाबा, त्या क्लबाचं जरा…”

“बस,” ते म्हणाले. उशीखालून त्यांनी आपली वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

डाव्या पानावर माझा गेल्या सोमवारचा तक्ता उतरवलेला होता. उजव्या पानावर खरा. दोन्हींत फरक असलेले सगळे आकडे लाल पेन्सिलीने गोल केलेले. चार क्लब, बरोबर चार. शेजारी त्यांच्या तिरक्या अक्षरात शेरे होते. ‘मांडणी स्वच्छ.’ ‘बेरीज जुळवली आहे.’ खाली, अधोरेखित, ‘उत्तर खोटे.’ मार्क दिलेले नव्हते.

“हे तुम्हाला कुठून…”

“नातीने वाचून दाखवलं. पेपरातून. दर सोमवारी वाचते.”

मुलगी जिन्यावर होती. तिला ऐकू गेलं. “आजोबा सेड नॉट टू टेल यू, डॅड!” तिने ओरडून सांगितलं. “इट वॉज सो हार्ड. यू वर सो सीरियस!”

“कधीपासून?” मी विचारलं.

“त्या कॉर्नरपासून,” बाबा म्हणाले. “मला इतका आनंद झाला रे. म्हटलं, कोणी मारला, कसा मारला, पेपरात आलं असेल, वाचून घ्यावं. पोरीला बसवली. ती म्हणते, आजोबा, इथे गोलच नाहीये.”

मी वहीकडे बघत राहिलो. पन्नाशीकडे झुकलेल्या, दोन देशांत आकडे तपासून पोट भरलेल्या माणसाची उत्तरपत्रिका त्याच्या बापाने लाल पेन्सिलीने तपासलेली होती, आणि मला पहिलं जाणवलं ते हे, की एकाही गोलात त्यांची चूक नव्हती.

“बोलला का नाहीत मग?”

“आधी वाटलं, म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून करतोयस. म्हटलं करू दे. पण दुसऱ्या आठवड्यात तू त्या वरच्या क्लबाला हरवलंस. एवढा खटाटोप कोणी कोणाला बरं वाटावं म्हणून करत नाही. मग सूनबाई त्या फॉर्मवरची धूळ रोज पुसताना दिसली, तेव्हा लागली टोटल.”

“तुम्हीच म्हणालात, निकाल लागू दे, मग सही करतो.”

“मी, निकाल लागू दे, एवढंच म्हणालो. पुढचं तू जोडलंस.” त्यांनी चष्मा काढला. “अरे, इंग्लंडातले अकरा लोक बॉल मारतात का सोडतात, यावर मी माझं घर ठरवीन असं वाटलं तुला? मी वेळ काढत होतो. तू विचारशील म्हणून.”

“काय विचारायचं?”

“हेच. बघ, तू मला व्हिसाचे नियम वाचून दाखवलेस. पुण्याच्या आणि इथल्या तापमानाचा तक्ता करून दाखवलास. इथल्या हवेत धूळ किती कमी आहे ते सांगितलंस. जिथे सही करायची तिथे फुली मारून ठेवलीस. ‘बाबा, राहा’ असं कधी म्हणालास का?”

मी आठवून पाहिलं. सवयीने, महिन्यामहिन्याने, नोव्हेंबरपासून. बायको म्हणाली असेल, हसण्यावारी का होईना. मुलगी एकदा म्हणाली होती, इंग्रजीत, आणि मी तिचं इंग्रजी दुरुस्त केलं होतं. माझ्या खात्यावर काहीच सापडत नव्हतं.

“तुम्हाला कळत असेल असं वाटलं,” मी म्हणालो.

“मलाही तुझ्या आईला बरंच काही कळत असेल असं वाटायचं,” बाबा म्हणाले.

बाहेर वाऱ्याने कचऱ्याचा डबा आडवा झाल्याचा आवाज आला आणि मला उठून तो सरळ करावा असं फार तीव्रतेने वाटलं. मी बसून राहिलो.

“बाबा, राहा ना इथे,” मी म्हणालो. कुठलंही कारण जोडलं नाही. दोन कारणं ओठावर आली होती.

बाबांनी वही मांडीवर घेतली, मिटली, रबर लावला.

“कायमचा नाही,” ते म्हणाले. “तिकडे कपाटात तिच्या साड्या तशाच आहेत. ते मला जाऊन बघायला हवं, आणि ते दुसऱ्या कोणी केलेलं मला चालणार नाही. इथला जून-जुलैचा हिवाळा काढतो. ऑगस्टात जाईन. मग पुन्हा यायचं का, ते तू तेव्हा विचार. फोनवर नको. माझ्यासमोर विचार.”

“बरं.”

“आणि थंडीत ही खोली गार पडेल, हीटर लागेल. सकाळी सहाला. तुमच्यासारखा नऊला नाही.”

“बरं.”

“आण तो फॉर्म.”

मी मीठदाणी उचलून फॉर्म आणला. मुलगी जिना उतरून पलंगाच्या टोकाशी येऊन बसली होती, बायको दारात. बाबांनी माझी पेन्सिलीची फुली आधी रबराने पुसली, मग तिथेच सही केली आणि कागद माझ्याकडे दिला. मी तो पहिल्या पानापासून वाचायला लागलो. जन्मतारीख, पासपोर्टचा क्रमांक, एकेक आकडा बोट ठेवून.

“अरे, मीच भरलाय ना तो फॉर्म,” बायको म्हणाली. “आता काय तपासतोयस?”

“तपासू दे त्याला,” बाबा म्हणाले. “झाल्यावर मी पुन्हा तपासणार आहे.”